फटाक्यांचा आनंद आणि भूतदया



माळकऱ्याने दिवाळीत फटाके उडवावेत का? प्रश्न ऐकून तुम्ही हसाल. परमार्थाचे एवढे मोठे प्रश्न पडलेले असताना हा पोरांचा खेळ कशाला काढलात, असेही म्हणाल. पण मला हा प्रश्न लहान वाटत नाही. ज्या गोष्टीत आपल्याला खराखुरा आनंद होतो आणि जिचा त्रास दुसऱ्या जिवाला होतो, ती हाती घेताना माणसाने काय करावे, हा प्रश्न वर्षभर निरनिराळ्या वेषांत आपल्या दारी येतच असतो. दिवाळीत तो आवाज करत येतो, एवढेच.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मला फटाके आवडतात. साठी उलटली, माळ घालून तीस वर्षे होत आली, तरी आवडतात. तुम्हालाही आवडत असतील तर मान खाली घालू नका. नरकचतुर्दशीची पहाट, अंगाला तेल-उटणे, बंबाचे कढत पाणी, अंगठ्याने फोडलेले कारीट आणि मग ओल्या केसांनीच अंगणात घेतलेली धाव. तिथे थोरल्या भावाने उदबत्ती पेटवून ठेवलेली असायची. आमच्या घरी फटाके बेताचेच यायचे. म्हणून लवंगीची माळ कधी एकदम लावायची नाही, ती सोडवायची आणि एकेक लवंगी मोजून वाटून घ्यायची. सादळू नयेत म्हणून दोन दिवस आधीपासून सुपात घालून उन्हात ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी अंगणातला लाल कागदाचा कचरा चिवडून फुसके निघालेले शोधायचे, त्यांतली दारू कागदावर काढायची आणि सुर्रकन पेटवायची. भुईनळा झाडासारखा वर चढला की सगळ्यांची तोंडे एकदम वर होत आणि एकदम उजळत. त्या क्षणी घरातली म्हातारी माणसेही पोरांसारखी दिसत. हा आनंद खोटा होता असे मला कोणी सांगितले तर मी ऐकणार नाही.

उपदेश करणारे बहुधा इथेच घाई करतात. फटाका वाईट ठरवायचा म्हणून ते आनंदालाच वाईट ठरवतात. विषयसुख आहे, टाका, म्हणतात. पण आपला संप्रदाय असा कोरडा कधी होता? रिंगणात अश्व धावला की आपण टापांखालची माती कपाळाला लावतो, म्हाताऱ्या बाया फुगड्या घालतात, काल्याच्या दिवशी लाह्या-दह्यासाठी मोठमोठी माणसे हात पसरतात. संतांनी आपल्याला संसार सोडायला लावला नाही, हसणे सोडायलाही लावले नाही. तेव्हा 'मजा वाटते म्हणून वर्ज्य' हा न्याय आपल्या घरचा नव्हे.

दुसरे म्हणणे पैशाचे. फटाके म्हणजे नोटा जाळणे. हेही मला पुरते पटत नाही. दारातली रांगोळी दुसऱ्या सकाळी पायाखाली जाते, देवाचा हार संध्याकाळी निर्माल्य होतो, आकाशकंदील पुढच्या वर्षी फाटलेला निघतो. सणात खर्च हा असा वाहून जाण्यासाठीच असतो. ज्याने कर्ज काढून सुतळी बॉम्ब आणले त्याला चार शब्द जरूर सांगावेत. पण मग लग्नातल्या जेवणावळींबद्दलही सांगावेत, आणि तिथे आपली जीभ का अडखळते तेही पाहावे.

तिसरे म्हणणे 'शास्त्रात नाही' हे. आता हे जरा गमतीचे आहे. एकादशीला तुम्ही-आम्ही जे खातो त्यातले काय काय शास्त्रात आहे? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि त्या खिचडीतली हिरवी मिरची, ही चारही मंडळी मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज आणि इतर गोरे व्यापारी आल्यानंतर ती आपल्याकडे पोचली. ज्ञानोबारायांनी साबुदाण्याची खिचडी कधी पाहिली नाही. तरी आपला उपवास मोडत नाही. म्हणजे जुने नाही म्हणून वाईट, असे काही ठरत नाही. पण हीच फूटपट्टी उलटीही लावावी लागते. 'फटाके ही आमची हजारो वर्षांची परंपरा' असे जे छाती ठोकून सांगतात त्यांनाही ती लागते.

त्याचा इतिहास आपल्याच महाराष्ट्रातल्या एका अभ्यासकाने मांडून ठेवला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांचा १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय दारूकामाविषयीचा निबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू मुळात चीनची. गोड्यांच्या हिशेबाने आपल्याकडे शोभेच्या दारूकामाची चाल पडली ती १४०० च्या सुमारापासून. ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. म्हणजे माउलींच्या वेळची दिवाळी ही पणत्यांची दिवाळी. चौथ्या अध्यायात त्यांनी विवेकाच्या दिव्याने योग्यांना जी दिवाळी दाखवली, तीही दिव्याचीच. तिला आवाज नाही.

इथे थांबता आले असते तर लेख सोपा झाला असता. पण गोड्यांनी त्याच निबंधात आपल्या एकनाथमहाराजांचा दाखला दिला आहे. नाथांनी १५७१ मध्ये काशीत 'रुक्मिणी स्वयंवर' पुरे केले. त्यात देवाच्या लग्नाचा थाट रंगवताना नाथ दारूकाम उडवतात! आकाशात जाणारे बाण आहेत, आजच्या फुलबाजीसारखे प्रकारही आहेत. विटेवर उभा आहे त्याच्या आणि आपल्या रखुमाईच्या लग्नात आतषबाजी झाली असे नाथांना सांगावेसे वाटले, यातच काय ते आले. नाथांनी आपल्या काळच्या लग्नात जे पाहिले तेच देवाला दिले. पुढे पेशवाईतही हा शौक पुष्कळ वाढला. पेशव्यांच्या बखरीत अशी हकिगत आहे की महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीचे आणि तिथल्या 'दारूच्या लंके'चे वर्णन सवाई माधवरावांना ऐकवले. हनुमंत उडतो, लंका जळते, असा सारा देखावा दारूचा. पेशव्यांनी तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी करवून घेतला. पुण्याची माणसे तो पाहायला लोटली असतील, यात मला नवल वाटत नाही. मी असतो तर मीही गेलो असतो.

तर माउली, आनंद खरा, खर्चाचा आक्षेप अपुरा, शास्त्राचा आक्षेप लंगडा, आणि नाथांसारख्या संताने देवाच्या लग्नातही दारूकाम वर्णिलेले. एवढे सगळे फटाक्याच्या बाजूने मांडून झाल्यावर मी जे म्हणणार आहे ते ऐका.

त्याच नाथांची दुसरी गोष्ट तुम्हाला पाठ आहे. काशीहून गंगोदकाची कावड खांद्यावर, रामेश्वराला अभिषेक करायचा. वाटेत वाळूत गाढव तहानेने तडफडत पडलेले. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात घातले. आपण कीर्तनात ही कथा भूतदयेचा दृष्टांत म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. तिच्यात नाथांचे काय पणाला लागले होते तेही एकदा पाहा. शेकडो कोस पायी वाहिलेली ती कावड म्हणजे नुसते पाणी नव्हते. रामेश्वराच्या पिंडीवर गंगा ओतण्याचा आनंद त्यात होता. तो आनंद खरा होता, धर्माचा होता, शास्त्राला मान्य होता. लवंगीच्या माळेच्या आनंदापेक्षा तो किती मोठा! तरी नाथांनी असे म्हटले नाही की हा माझा धार्मिक सोहळा आहे, गाढवाने थोडी कळ काढावी. त्यांनी तो आनंद निंद्य ठरवला नाही की टाकूनही दिला नाही. त्यांचा रामेश्वर तिथेच पावला.

मला वाटते प्रश्नाची गाठ इथे सुटते. रुक्मिणीच्या लग्नातले बाण आणि गाढवाच्या तोंडी घातलेली कावड एकाच माणसाची आहेत. एक घ्यायचे आणि एक सोडायचे, अशी सोय नाथांनी आपल्याला ठेवलेली नाही.

फटाक्याचा आनंद नेमका कशात आहे याचा मी पुष्कळ विचार केला. फुलबाजी आणि भुईनळा यांचा आनंद डोळ्यांचा आहे, तो समजायला अवघड नाही. आवाजाच्या फटाक्याचे तसे नाही. मूल वात पेटवते, पळत मागे येते, कानांवर हात ठेवते, छाती धडधडत असते, आणि मग तो धडाम होतो आणि ते खदखदून हसते. इथे मजा भीतीचीच आहे. पण ही भीती त्याने स्वतः पत्करलेली आहे. आवाज कधी होणार ते त्याला ठाऊक आहे, किती लांब उभे राहायचे ते ठाऊक आहे, झाल्यावर संपणार हेही ठाऊक आहे. एवढे माहीत असले म्हणजे भीतीचा खेळ होतो. आता त्याच आवाजाने गोठ्यातली गाय दचकते. तिला यातले काहीच ठाऊक नाही. तिच्यापुरती ती निव्वळ भीतीच राहते. पाळण्यातल्या महिन्याच्या बाळाचे तसेच, हृदयाचे दुखणे असलेल्या शेजारच्या आजोबांचे तसेच. एकाच बॉम्बमधून आपल्या वाट्याला खेळ येतो आणि त्यांच्या वाट्याला भय, आणि कोणाला काय यावे हे त्यांना न विचारता आपण ठरवलेले असते.

गायीवरून आठवले. आपली दिवाळी सुरूच वसुबारसेने होते. त्या संध्याकाळी घरची बाई गाय-वासराला ओवाळते, पायांवर पाणी घालते, पुरणाचा नाही तर बाजरी-गुळाचा घास भरवते. आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री त्याच गोठ्यापासून वीस पावलांवर आपला मुलगा सुतळी बॉम्ब लावतो. गाय दावे ताणते, डोळे पांढरे करते, वासरू थरथरत आईच्या पोटाखाली शिरते. ज्यांनी जनावरे सांभाळली आहेत त्यांना हे सांगायला नको. त्या रात्रीनंतर एखादी दुभती गाय सकाळी नीट पान्हा सोडत नाही, हेही त्यांना माहीत असते. वसुबारस खरी की लक्ष्मीपूजनाची रात्र खरी, असे त्या गायीला विचारता आले तर ती काय सांगेल?

ताहाराबादच्या महिपतींनी तुकोबारायांची एक कथा सांगितली आहे. वाटेने जाताना पाखरे त्यांना पाहून भुर्रकन उडाली. तुमच्या-माझ्या लेखी यात काय विशेष? पाखरे उडायचीच. पण तुकोबांच्या जिवाला ते लागले. आपल्यात अजून परकेपणा उरला म्हणून ही भ्याली, असे वाटून ते तिथेच निश्चल उभे राहिले, आणि पाखरे येऊन अंगाखांद्यावर बसेपर्यंत हलले नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गावातल्या वडाखाली एकदा जाऊन उभे राहा. प्रत्येक धडाक्यासरशी पानांत फडफड होते, पाखरे अंधारात उठतात, त्यांना धड दिसत नाही, परत बसतात, परत उठतात. एका संताला दिवसाउजेडी दोन-चार पाखरे उडालेली सोसली नाहीत, आणि आपण त्याच्या नावाने टाळ वाजवतो.

इथे तुमच्यातला एखादा तावातावाने म्हणेल, "महाराज, हे सगळे आमच्याच सणाला का आठवते? कारखान्यांचा धूर वर्षभर चालतो, पुढाऱ्यांच्या मिरवणुकांत, क्रिकेटच्या विजयात, एकतीस डिसेंबरला फटाके उडतात, तेव्हा कोणी पाखरांची काळजी करत नाही." हा राग मी उडवून लावत नाही. त्यात तथ्य आहे. शहरात बसून आपल्या सणांना नाके मुरडणारी माणसे असतात, आणि त्यांचा सूर ऐकला की माझ्याही मनात दोन माळा जास्त लावाव्यात असे येते. पण त्या रागाने लावलेला फटाका कोणासाठी असतो? नाके मुरडणारा तर शहरात खिडक्या लावून झोपलेला. भोगते ती आपलीच गाय आणि आपलेच आजोबा. भूतदया दुसऱ्याने आधी पाळली तर मी पाळीन, अशी अट माळ घालताना आपण घातली नव्हती. त्यातून मिरवणुकीतल्या फटाक्यांबद्दल बोलायचा अधिकारही, स्वतःचे अंगण आधी आवरले तर जरा बळकट होतो.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण गावात त्याची अर्धवट माहिती फिरते. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यांना १९९९ पासून बंदी आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले; म्हणजे आपली पहाटेची अभ्यंगस्नानाची लवंगी त्यातच अडकली. २०१८ च्या निकालात न्यायालयाने बेरियमची संयुगे बंद केली. भुईनळ्याला आणि फुलबाजीला हिरवा रंग यायचा तो त्यांनीच. त्यानंतर नागपूरच्या नीरी संस्थेने कमी धुराचे, 'हरित' म्हणतात ते फटाके तयार केले. कमी धुराचे म्हणजे बिनधुराचे नव्हेत, आणि गोणपाटावर मांडलेल्या मालातले कोणते खरे हरित आहेत हे ओळखणे तुमच्या-माझ्या आवाक्यातले नाही. धुराचे म्हणाल तर कार्तिकात रात्री हवा गार आणि स्थिर असते, धूर वर न जाता जमिनीलगत बसतो. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आपल्या गावोगाव काकडा चालतो. पाडव्याच्या पहाटे काकड्याला उभे राहिलात की चाल वरच्या पट्टीत जाताच निम्मी मंडळी खोकायला लागतात. ज्यांना दम्याचा त्रास आहे ते तर त्या दिवशी येतच नाहीत. देवाला उठवायला निघालेल्या माणसाचाच श्वास कोंडतो, हे मला चमत्कारिक वाटते.

आणखी एक जीव या हिशेबात धरायला हवा. देशातले बहुतेक फटाके तमिळनाडूत शिवकाशीच्या आसपास बनतात. कोरडा, कमी पावसाचा मुलूख. काड्यापेट्यांच्या धंद्यापाठोपाठ तिथे फटाक्यांचा धंदा आला. बायका-माणसे हाताने नळ्या भरतात, वाती बसवतात. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या मुदलीपट्टीच्या कारखान्यात स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. अशा बातम्या त्या भागातून अधूनमधून येतच राहतात. उलट बाजूने, आपण सगळ्यांनी एकदम फटाके बंद केले तर त्याच माणसांची चूल विझेल, हेही खरे. याचे सरळ उत्तर माझ्यापाशी नाही. पण कोणाच्या बोटांनी भरलेली दारू आपण पेटवतो आहोत, एवढे लहान मुलाच्या कानावर घालावे. मुले ते समजून घेतात.

मग करावे काय? सगळ्यांना लागू पडेल असा नियम सांगायला मी कोणी नव्हे. आमच्या घरात काय ठरले ते सांगतो. आवाजाचे काही आणायचे नाही. फुलबाज्या, एक-दोन भुईनळे, चार भुईचक्रे. तीही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, दिवे लागल्यावर, अर्धा तास. गोठ्यापासून लांब, देवळासमोरच्या फरसबंदीवर. हवेत जाणारा बाण नाही, कारण या दिवसांत खळ्यावर सोयाबीनच्या गंजी असतात, कडबा रचलेला असतो; एक ठिणगी कोणाच्या वर्षभराच्या कमाईवर पडेल ते सांगता येत नाही. नातवाला हे काही पहिल्या झटक्यात पटले नाही. शेजारच्या मुलाकडे हजाराची लड होती. त्याने विचारले, "आबा, त्यांचा आवाज आपल्यापेक्षा मोठा का?" मी त्याला तुकोबांची गोष्ट सांगितली नाही. रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात नेले आणि वासराच्या छातीवर त्याचा हात ठेवला. नंतर तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी लड मागणार नाही असेही नाही, पोर आहे.

मोठेपणाची चुरस हा मात्र पोरांचा दोष नव्हे. कोणाची लड जास्त वेळ वाजली याची चर्चा दुसऱ्या दिवशी पारावर बापेच करतात. शेजाऱ्याला ऐकू जावी म्हणून जी लावली ती लड दिवाळीची राहत नाही. तिथे आनंदही पातळ होतो. लहानपणी सोडवून वाटून घेतलेल्या त्या पाच-पन्नास लवंग्यांइतका तो टिकत नाही. हे तुम्हीच ताडून पाहा.

हे वाचून कोणीतरी हळूच विचारील की महाराज, मग सप्ताहातल्या कर्ण्यांचे काय? रात्रभर जागर चालतो, चारी दिशांना चार कर्णे असतात, पाखरे तेव्हाही वडावर असतात, दवाखान्यातून आलेली बाळंतीण तेव्हाही घरात असते. विचारणाऱ्याचे तोंड बंद करू नका. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि हरिनामाचा आवाज आहे म्हणून तो बाळाला कमी लागतो असे म्हणता येत नाही. नाथांनी गंगोदकालाही सूट दिली नव्हती. आमच्या गावच्या मंडळींपुढे मी हा विषय काढला तेव्हा दोन जण रागावून उठून गेले, बाकीच्यांनी बराच वेळ घेतला. शेवटी यंदाच्या सप्ताहात तीन कर्णे उतरवले आणि एक मंडपाच्या आत वळवून बांधला. हरिपाठाला गर्दी पहिल्यापेक्षा कमी झाली नाही. रागावलेल्यांपैकी एक जण काकड्याला येऊ लागला आहे, दुसऱ्याचे अजून व्हायचे आहे.